गुरुवार आणि रविवारच्या मधली रेघ

नंदा,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. मुख्याध्यापकांनी तुझं गाव, तुझं शिक्षण, तुझ्या नोकरीची वर्षं असं सगळं कागदावरून वाचून दाखवलं. त्यात चूक काहीच नव्हतं, तरी ऐकताना वाटत राहिलं की हे दुसऱ्याच कुणा बाईंबद्दल चाललंय. मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि "नंदाबाई माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवायच्या" एवढंच म्हणून खाली बसले. इतक्या तोकड्या उत्तराला तू कधी मार्क दिले नसतेस. म्हणून आज घरी बसून उरलेलं लिहिते आहे. लिहिण्याआधी तुझा तो नकाशा काढलेला नाही, हेही सांगून टाकते. त्यावरून आपलं भांडण होतंच, ते आजच मिटवण्यात अर्थ नाही.

तू आमच्या चाकणच्या शाळेत आलीस तेव्हा आठवीच्या दोन तुकड्या होत्या, एक माझी आणि एक तुझी. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळं तुझा वर्ग मला सबंध ऐकू यायचा. पहिल्याच आठवड्यात निबंधाचा तास होता. मी फळ्यावर विषय लिहून "लिहा" म्हणाले आणि खुर्चीत बसले. पलीकडून तुझा आवाज आला, "पेनं दप्तरात घाला. पेन्सिल काढा." मग पोरांचं हसणं, बाकांची सरकवासरकव, आणि बराच वेळ नुसती कुजबुज.

मधल्या सुट्टीत मी मुद्दाम डोकावले. फळ्यावर मधोमध मोठा गोल होता, त्यात विषयाचं नाव. चहूबाजूंना रेघा, रेघांच्या टोकाला लहान गोल. एका गोलात छत्री काढलेली, एकात नुसतं 'आज्जी' लिहिलेलं. मी तुला विचारलं, तास निबंधाचा होता की चित्रकलेचा? तू हातावरचा खडू झटकत म्हणालीस, "लेकरांच्या डोक्यात सगळं एकदमच येतं गं. दारात गर्दी होती आणि मग कुणालाच आत येता येत नाही. आधी ज्याला त्याला बसायला जागा दाखवावी लागती."

पोरं त्याला 'जाळं' म्हणायची. तू मात्र नकाशाच म्हणायचीस. मनात येईल ते शब्दात नाहीतर चित्रात गोलात टाकायचं. एकमेकांशी नातं असेल ते रेघेनं जोडायचं. मग आधी काय, नंतर काय, ते ठरवायचं. आणि ज्या गोलाकडं एकही रेघ जात नाही, तो एक तर खोडायचा, नाहीतर सगळा निबंध त्याच्यावरच लिहायचा. हे शेवटचं तू दर वेळी बजावून सांगायचीस.

मला ते पटत नव्हतं. मी इथल्याच वाडीतली, शेतकऱ्याच्या घरातली. माझी आई भाकऱ्या थापता थापता म्हैस विकत घेतल्याची गोष्ट अशी सांगायची की शेजारणी चूल सोडून ऐकत बसायच्या. तिनं कुठं गोल काढले होते? बोलणारा माणूस नकाशा काढून बोलतो का, असं मी तुला परतीच्या बसमध्ये विचारलं होतं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "ज्याला बोलू दिलंय तो नाही काढत."

तू लातूरकडची. लग्न होऊन दापोडीला आलीस तेव्हा तुझ्या बोलण्याला लोक हसायचे, हे तू मला फार नंतर सांगितलंस. त्या दिवशी मात्र मी भोसरीला उतरून घरी गेले, आणि तू पुढं दापोडीला.

मग तुझ्या वर्गात अश्विनी आली. तुला आठवत असेलच, पण मला ते पुन्हा सांगायचं आहे. नांदेडहून आलेलं कुटुंब, वडील एका कंपनीत कंत्राटावर. वर्गात पोरी तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या, म्हणून तिनं बोलणंच टाकलं होतं. गणित बरं सोडवायची, पण निबंधाचं पान कोरं. तिची आई शाळेत येऊन सांगून गेली होती की पोरीचं शाळेत मन नाही, यंदा पास झाली नाही तर गावी आत्याकडं पाठवून देऊ. आत्याकडं पाठवणं म्हणजे काय, ते आपल्याला दोघींनाही कळत होतं.

त्या दिवशी विषय होता 'सुट्टीचा दिवस'. मी तुझ्याकडं खडू मागायला आले आणि दारातच थांबले. तू अश्विनीच्या बाकापाशी उकिडवी बसली होतीस. तिच्या कागदावर दोनच गोल होते, एका टोकाला 'रविवार' आणि दुसऱ्या टोकाला 'गुरुवार'. मधे सगळं पांढरं.

तू विचारलंस, "ह्यांना जोडणारी रेघ कुठाय?"

तिनं मधल्या पांढऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "रेघ नाही, बाई. माझी सुट्टी आयतवारी असती, पप्पांची बेस्तरवारी."

तिला वर्गात बोलताना मी प्रथमच ऐकलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. तू वळूनही पाहिलं नाहीस. तिला म्हणालीस, "मग रेघ नाही असंच लिही. तू आत्ता बोललीस तसंच."

आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, हे आम्हा सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की त्यावर काही लिहिण्यासारखं आहे हे कधी सुचलंच नाही. त्या पोरीनं लिहिलं. आमच्या घरात सुट्टी कधीच पुरी होत नाही, असं तिचं पहिलं वाक्य होतं. गुरुवारी सकाळी ती शाळेला निघते तेव्हा पप्पा झोपलेले असतात आणि आई तिला बांगड्यांचा आवाज करू नको म्हणते. संध्याकाळी ती परत येते तेव्हा ते जागे असतात आणि तिच्या वेण्या सोडून देतात. वेण्या सोडणं हीच तिची सुट्टी. तू तो निबंध दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवलास, तिचे 'आयतवार' आणि 'बेस्तरवार' जसेच्या तसे ठेवून. मी प्लायवूडला पाठ टेकून ऐकत होते. पलीकडं कुणी हसलं नाही.

अश्विनीला आत्याकडं पाठवलं नाही. ती आता नर्सिंग शिकते. काल सभेला आली होती, माझ्या शेजारी बसली होती.

तिचा निबंध वाचून दाखवलास त्या संध्याकाळी मोशी येईपर्यंत तू बसच्या खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "आमचं बी तसंच आहे गं. ह्यांची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. आमचा अमोल लहान होता तेव्हा त्याला वाटायचं, घरात आई नाहीतर बाबा, एका वेळी एकच जण असतो." हे तू हसत सांगितलंस. मीही हसले.

पुढच्या वर्षी मात्र माझी बाजू खरी ठरण्याची वेळ आली. मुख्याध्यापकांना तुझा नकाशा आवडला आणि त्यांनी तो सगळ्या वर्गांसाठी छापून घेतला. काय पाहिले, कोण भेटले, काय वाटले, काय शिकलो, असे तयार गोल, रेघाही छापलेल्या. चाचणी परीक्षेत सगळ्या पोरांनी एकच निबंध लिहिला. सगळ्यांना बागेत एक म्हातारे आजोबा भेटले आणि सगळी जण शेवटी काहीतरी शिकली. मी गठ्ठा उचलून तुझ्यासमोर ठेवला. खरं सांगते, मला थोडा आनंदही झाला होता. तू चारपाच पेपर वाचलेस आणि बाकीचे तसेच बाजूला सारलेस. संध्याकाळी बसस्टॉपवर उभ्या असताना म्हणालीस, "मी जागा दाखवायला गेले आणि ह्यांनी खुर्च्याच ठोकून टाकल्या."

तू मुख्याध्यापकांकडं गेलीस, ते छापील कागद बंद करा म्हणालीस. त्यांनी केले नाहीत. तेव्हापासून तुझ्या वर्गात कागद वाटले जायचे आणि लगेच तुझी सूचना यायची, "उलटा करा. कोऱ्या बाजूवर काढा." मला ते पलीकडून ऐकू यायचं.

मी विचारलं होतं, म्हणजे माझं बरोबर होतं ना? तू म्हणालीस, "अर्धं." उरलेलं अर्धं काय, यावर आपण किती वेळा बोलायला बसलो आणि दर वेळी भोसरीचा स्टॉप आला.

मागच्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तुझ्या यजमानांचा, विलासरावांचा फोन आला. ते नुकतेच कंपनीतून निवृत्त झाले होते. तू सकाळी डबा भरता भरता ओट्यापाशी कोसळलीस. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीत, लिहायलाही जमणार नाही. मी तुला भेटायला आले तेव्हा तू माझ्याकडं बघून तोंड उघडलंस आणि म्हणालीस, "बरं." मग पुन्हा "बरं." एवढा एकच शब्द तुझ्यापाशी उरला होता. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, राग आला तरी बरं. तुझ्यासारख्या बोलणारीला नशिबानं ठेवलेला शब्द तो. मी जिन्यात जाऊन रडले. तुझ्यासमोर रडले नाही, तरी तुला ते ओळखू आलं असेल.

दवाखान्यातून तू घरी आल्यावर अमोल तुला त्याच्या घरी, वाकडला, न्यायचं म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तिथं लिफ्ट होती, दिवसभराची बाई ठेवता येणार होती, सूनबाई प्रेमळ. दापोडीच्या घराचा जिना अरुंद, गल्लीत गाडी येत नाही. हे घर काढून टाकू, दोघंही माझ्याकडं राहा, असं तो म्हणाला. त्यानं तुला विचारलं, आई, येशील ना? तू म्हणालीस, "बरं." मग सगळं ठरलंच.

त्या रविवारी मी आले तेव्हा तो पलंगापाशी बसून कुठलं सामान न्यायचं ते सांगत होता. तू रडत होतीस. विलासराव मला हळूच म्हणाले, हल्ली तिला कशानंही रडू येतं, डॉक्टरांनी सांगितलंय. ते ऐकून तू डावा हात पलंगावर आपटलास. एकदा, मग पुन्हा. आणि म्हणालीस, "बरं. बरं. बरं." मान मात्र आडवी हलत होती.

मला काय सुचलं माहीत नाही, मी पिशवीतून एक कोरा कागद काढला, खाली पुठ्ठा धरला आणि तुझ्या डाव्या हातात पेन्सिल दिली.

पहिला गोल नीट जुळला नाही. त्यात तू दोन काड्यांची माणसं काढलीस. मी विचारलं, तू आणि विलासराव? तू मान डोलावलीस. मग एका बाजूला धुरांडं, दुसऱ्या बाजूला झेंड्याची काठी. कंपनी आणि शाळा, हे आम्हाला कळलं, पण त्याचं काय, ते कळेना. अमोलला वाटलं, तुला शाळेत जायचंय. तू पेन्सिल टाकलीस आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलंस. विलासरावांनी ते काढून तुझ्या मांडीवर ठेवलं. तू धुरांड्यावर बोट ठेवलंस, मग गुरुवारच्या रकान्यावरून ते वरून खाली नेलंस. झेंड्यावर बोट ठेवलंस, मग रविवारच्या रकान्यावरून नेलंस. नंतर पेन्सिल उचलून धुरांडं आणि झेंडा यांच्यामधे रेघ ओढलीस. तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवलीस, कागद फाटेपर्यंत. आणि मग डाव्या हातानं खाली जमीन दाखवलीस. इथं.

मला कळलं होतं. पण ते मी बोलण्यासारखं नव्हतं. विलासराव कॅलेंडरकडं बघत होते. मग ते म्हणाले, "अमोल, ती म्हणती, आत्ता कुठं आम्हाला दोघांना एकत्र सुट्टी मिळाली. आजारपणाची का होईना."

तू डोळे मिटलेस. अमोल कागदावर वाकला. मग त्यानं विचारलं, म्हणजे वाकडला कधीच नाही? तेव्हा तू कागदाच्या कोपऱ्यात एक उंच इमारत काढलीस, खिडक्याखिडक्यांची, आणि तिच्यापर्यंत टिंबाटिंबांची रेघ नेलीस. त्यानं विचारलं, "नंतर?" तू म्हणालीस, "बरं." त्या दिवसातलं तेवढं एकच 'बरं' खरं होतं.

निघण्याआधी अमोलनं बाथरूमच्या दाराचं माप घेतलं. पुढच्या रविवारी तो स्वतः येऊन धरायचे दांडे बसवून गेला.

त्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा तुम्हाला मिळाला. मी रविवारी यायचे, पण फार वेळ बसायचे नाही. विलासराव स्वयंपाक शिकत होते. पोह्यांत मीठ जास्त पडलं की तू एक भुवई वर करायचीस आणि ते निमूट लिंबू पिळायचे. संध्याकाळी ते तुला दाराशी खुर्चीत बसवायचे आणि तिथंच बसून तुझ्या उजव्या हाताची बोटं एकेक करून चोळायचे. ते तुला आंघोळ घालायचे, केस विंचरायचे, सगळं करायचे. सोपं नव्हतं ते. एकदा त्यांची पाठ धरली आणि तू दिवसभर त्यांना हात लावू दिला नाहीस. शेजारणी म्हणायच्या, बाईचं नशीब बघा. त्यांना काय सांगणार?

काही शब्द परत आले. 'पाणी' आलं. मला तू 'शैल' म्हणायला लागलीस, पुढचा 'जा' येईना, म्हणून मी निघताना तो मीच म्हणायचे आणि तू अर्ध्या तोंडानं हसायचीस. मी तुला वर्गातलं सगळं सांगायचे. तुझी तुकडी मी मागून घेतली आहे, हेही त्याच काळात सांगितलं. पोरं कागद माझ्या सांगण्याआधीच उलटा करतात.

पण नंदा, एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या रविवारी तुझा कागद वाचून अमोल, विलासराव, मी, सगळेच भारावलो. मला मात्र घरी येताना राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. तुला काय म्हणायचंय ते कळलं होतं, पण तू ते कसं म्हणाली असतीस, ते मला कधीच ऐकायला मिळणार नव्हतं. मोशीपासून भोसरीपर्यंत, खिडकीबाहेर बघत, मधेच थांबत, 'गं' लावत. मला तुझी वाक्यं हवी होती. माझं अर्धं बरोबर होतं म्हणालीस, ते बहुधा हेच अर्धं असावं. विचारायला मी तुझ्यापाशी बसले होते अनेकदा. पण जिला वाक्य नाही तिच्याशी वाक्यांवरून वाद घालायचा, हे मला जमलं नाही. तू घातला असतास. मला माहीत आहे, तू घातला असतास आणि आपल्याला दोघींनाही बरं वाटलं असतं.

थंडी सरत आली होती. सकाळी चहा घेताना तुला दुसरा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत तू गेलीस. विलासराव सोबत होते. वार कुठला होता ते मी कुणाला विचारलं नाही.

दहावा आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला, लोक समाधानानं मागं सरले, अमोल गुरुजींशी बोलत होता. विलासराव पायऱ्यांच्या कडेला एकटे उभे होते, मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. मी त्यांच्यापाशी गेले. काही बोलायचं म्हणून म्हणाले, शेवटी शेवटी बरेच शब्द आले होते तिला, पाणी, शैल.

ते म्हणाले, "बाई, ती मला नावानं हाक मारायची. विलास म्हणायची."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लग्नापासून तू त्यांना 'अहो' म्हणत आलीस, माझ्याशी बोलताना 'हे'. ते नदीकडं बघत होते.

"पन्नास वेळा 'अहो' म्हणायला लावलं त्या बोलायला शिकवायला येणाऱ्या मुलीनं, येईना. एक दिवस मी भांडी घासत होतो आणि मागून विलास असं आलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर थेट आत्ता. मग रोजच. चहा झाला की विलास, ऊन आलं की विलास. आणि कुणी घरात आलं की गप्प." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला सांगितलं असंल तिनं, काढून वगैरे."

मी नाही म्हणाले. तू मला सांगितलं नव्हतंस.

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ते नाव दोघांतच राहिलं, हे ऐकून त्यांना हलकं वाटलं असावं. मग अमोलनं हाक मारली आणि आम्ही दोघं पायऱ्या चढून वर गेलो.